चौथ्या प्रकरणातला सिक्स्तो

वामांगा शहरात विद्यापीठाच्या फाटकासमोर एफ्राईनचं झेरॉक्सचं दुकान आहे. शहरातल्या निम्म्या वकिलांचे आणि इंजिनियरांचे प्रबंध त्याच दुकानात छापले गेले, तिथेच त्यांना काळं बायंडिंग झालं आणि तिथेच त्यांच्यावर सोनेरी अक्षरं चढली. आणि त्याच एफ्राईनच्या घरात त्याच्या बायकोचा, नेलिदाचा, इतिहासाच्या एम.ए.चा प्रबंध सात वर्षं भिजत घोंगडं होऊन पडला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. दुकानात येणारा जाणारा झेरॉक्स हातात घेताना विचारायचाच, काय हो, घरचा प्रबंध कुठवर आला? एफ्राईन कागद सरळ करत म्हणायचा, येतोय, वळणावर आहे.

नेलिदा शाळेत इतिहास-भूगोल शिकवायची. सकाळी शाळा, दुपारी दफ्तरखाना, संध्याकाळी वह्या तपासणं, आणि मधल्या फटीत जो वेळ सापडेल तो प्रबंधाचा. पहिले गाईड रिटायर होऊन लेकीकडे समुद्रकाठी राहायला गेले, ते तिकडचेच झाले. दुसऱ्यांना राजधानीत नोकरी लागली. तिसरे डॉक्टर पालोमिनो. माणूस देवासारखा, पण विभागाला असा भ्यायचा की कोणी जोरात दार लावलं तरी उठून उभा राहायचा. या सगळ्या खेचाखेचीत घरात तिचं नावच पडलं ‘प्रबंधबाई’. दिराने थट्टेत ठेवलं आणि ते चिकटलं. सासूबाई हाक मारायच्या, "प्रबंधबाईंना सांगा रे, सूप गार झालं." एफ्राईनसुद्धा तेच म्हणायला लागला. आधी तिला हसू यायचं, मग राग यायचा, आणि शेवटी शेवटी तर ती त्या नावाला मुकाट्याने ओ द्यायला लागली.

विद्यापीठाने यंदा कळवून टाकलं होतं की ही शेवटची मुदत. या खेपेला व्हायवा झाली नाही, किंवा झाली आणि नापास झाली, तर रजिस्टरमधून नाव कमी. परत पहिल्यापासून सुरू करायला नेलिदाच्या अंगात त्राण नव्हतं, आणि खरं सांगायचं तर घरच्यांच्याही नव्हतं. आता जे काय व्हायचं ते या एका शुक्रवारी होणार होतं.

विषय पाण्याचा. शहराच्या वर डोंगरात पाक्चापाम्पा नावाचं गाव आहे. वरच्या तळ्यातून पाट निघतो आणि उतारावरच्या शेतांना पाणी देतो. कोणाची पाळी कधी, पाटाचं दारं कुठे फोडायचं, कुठे बांधायचं, हे सगळं बघतो पाटकरी. त्याच्या हातात चांदीच्या कड्यांची काठी असते आणि ती काठी दिसली की भांडणारी माणसं आवाज खाली आणतात. पूर्वी खालच्या अंगाला एका जमीनदाराचं रान होतं. त्याच्याशी गावाची पाण्यावरून पिढ्यान्पिढ्या कोर्टकचेरी चालली. ते कागद आज सरकारी दफ्तरखान्यात आहेत, आणि त्या कागदांत नव्वद वर्षं गावाच्या बाजूने एकच नाव येतं, सिक्स्तो आपार्को, पाटकरी. सही कुठेच नाही. क्रूसाची खूण, आणि शेजारी कारकुनाच्या हातचं नाव.

आता नव्वद वर्षं एकच माणूस पाटकरी राहत नाही, एवढं गणित नेलिदालाही येत होतं. तिने ताडलं की हे आजा, बाप, नातू असणार, एकाच नावाचे. म्हणजे एका घराण्याने सगळ्या गावाचं पाणी मुठीत धरलं होतं. गाव जमीनदाराशी लढलं म्हणून सगळे कौतुक करतात, पण गावातच एक छोटा जमीनदार बसला होता त्याचं काय? हे तिचं चौथं प्रकरण, ‘एका घरचं पाणी’. ते लिहिताना तिची लेखणी अशी काही धावली की बाकीची प्रकरणं मागेच राहिली.

आणि तिने नुसते कागदच चाळले असंही नाही. गावात ती कितीतरी वेळा जाऊन आली. तिथला पाटकरी अजूनही सिक्स्तोच होता, चांगला सत्तरीचा, तपकिरी हॅटवाला म्हातारा. त्याला सगळे ‘दोन सिक्स्तो’ म्हणत. तिकडे मोठ्या माणसाच्या नावाआधी ‘दोन’ लावतात, आपल्याकडे मागे ‘राव’ लावतात तसं. मराठी कानाला दोन सिक्स्तो म्हटलं की माणसं दोन वाटतात. नेलिदाला मराठी येत असतं तर बिचारीची पुढची धावपळ वाचली असती.

तिने रेकॉर्डर लावून म्हाताऱ्याला विचारलं होतं, तुमच्या आधीचे सिक्स्तो तुमचे कोण? तो म्हणाला, माझे वडील. त्यांच्या आधीचे? त्यांचे वडील. म्हणजे सगळे एकाच घरातले? हो तर, एकाच घरातले. एवढं बोलून म्हातारा हसायचा. नेलिदाने टाइप करताना प्रत्येक ठिकाणी इमानाने कंसात लिहिलं, ‘हसतात’. माणूस का हसतो, हे काही तिने लिहिलं नाही.

प्रबंध जमा झाला त्या दिवशी नेलिदा दुपारभर झोपली. सासूबाईंनी घरात कोणाला भांडं वाजवू दिलं नाही. उठल्यावर तिला आठवलं की पहिली प्रत दोन सिक्स्तोंना देईन, असं तिने कबूल केलं होतं. म्हातारा तर पावसाळा संपता संपता गेला, ‘तुमचा तो म्हातारा गेला’ एवढंच बाजारात भाजीवालीने सांगितलं होतं, आणि तिला मातीलाही जाता आलं नव्हतं. निदान घरच्यांच्या हातात तरी प्रत द्यावी म्हणून व्हायवाच्या आधीच्या रविवारी ती चापला ब्रेडची पिशवी आणि प्रबंध घेऊन गाडीत बसली.

गावात उतरल्यावर तिने दुकानातल्या बाईला विचारलं, दोन सिक्स्तोंच्या घरी कोणी असेल का? बाई म्हणाली, असेल की, आता दूध काढायची वेळ आहे, वर पाटाशेजारी बघा. नेलिदा चढ चढून गेली. अंगणात तिशी-पस्तिशीची एक बाई गाय पिळत होती. लांब वेण्या, पायात रबरी बूट. भिंतीला चांदीच्या कड्यांची काठी टेकवून ठेवलेली.

"दोन सिक्स्तोंच्या घरचं कोणी आहे का?" नेलिदाने विचारलं.

"मीच की. बसा, एवढी बादली होऊ दे."

"नाही, म्हणजे मला दोन सिक्स्तोंच्या घरच्यांना भेटायचं होतं. ते वारले ना..."

"वारले ते तेओफिलोकाका. त्यांनी जायच्या आधीच काठी खाली ठेवली, गावासमोर माझ्या हातात दिली. आता दोन सिक्स्तो मी."

नेलिदा उभी होती तिथेच दगडावर बसली. पाट शेजारून खळखळत होता आणि हिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. बाईने बादली बाजूला ठेवली, हात पुसले आणि उकडलेला मका आणि चीज समोर आणून ठेवलं. तिचं घरचं नाव हेर्लिंदा. तिला यात काही विशेष वाटत नव्हतं. काठी घेतली की नाव घ्यायचं, काठी खाली ठेवली की नावही खाली ठेवायचं. काकांच्या आधी मारियानो हा सिक्स्तो होता, त्याच्याआधी पाब्लो, एकदा तर सुईण होती ती सिक्स्तो झाली होती. नेलिदाने क्षीण आवाजात विचारलं की मग म्हाताऱ्याने वडील, वडील असं का सांगितलं? हेर्लिंदा म्हणाली, काठी हातात देतो तो बाप. आता तेओफिलोकाका माझे बाप. जन्माचा बाप तो बघा, तिकडे बटाटे निवडतोय. आणि एकच घर म्हणजे? हेर्लिंदाने पाटाच्या मुखाशी असलेली दगडी खोपटी दाखवली. काठी रात्री तिथे असते. काठी ज्याच्या हातात, तो त्या घरचा.

"पण मला कोणी सांगितलं का नाही?" नेलिदा जवळजवळ रडकुंडीला आली.

"सांगायचं काय त्यात? पाणी ओलं असतं म्हणून कोणी कोणाला सांगतं का? काकांना वाटलं तुम्हाला माहीत आहे आणि मजा म्हणून विचारताय. ते घरी येऊन सांगायचे, मास्तरीण बाई फार विनोदी आहे."

मग तिने कारणही सांगितलं. जुन्या काळी जमीनदाराचा वकील दर वेळी म्हणायचा, मागच्या पाटकऱ्याशी करार झाला होता खरा, पण तो मेला, आता नव्याने बसू. दर नव्या कराराला गावाचं पाणी थोडं कमी व्हायचं. तेव्हा गावातल्या म्हाताऱ्यांनी डोकं लढवलं. ठरवलं, आजपासून आपला पाटकरी मरायचाच नाही. करार कोणाशी झाला होता, सिक्स्तो आपार्कोशी? मग हा काय समोर उभा आहे सिक्स्तो आपार्को, काढा कागद.

नेलिदा परतीच्या गाडीत बसली तेव्हा प्रबंध तिच्या मांडीवर तसाच होता, द्यायची हिंमत झाली नव्हती. तिने ज्या घराण्याला नव्वद वर्षांचा पाणीचोर ठरवलं होतं, ते घराणं अस्तित्वातच नव्हतं. तिथे कुठेतरी पाणी मुरतंय असं तिने पानोपानी लिहिलं होतं, आणि मुरत होतं ते तिच्याच डोक्यात. ज्या गावाने इतक्या हुशारीने आपलं पाणी राखलं त्याच्या तोंडावर तिने चिखल फासला होता, तोही सोनेरी अक्षरांच्या बायंडिंगमध्ये. हेर्लिंदा निरोप देताना म्हणाली होती, शुक्रवारी मला बाजाराला यायचंच आहे, येईन मी तुमच्या परीक्षेला, आमच्याबद्दल काय सांगता ते ऐकू तरी. नेलिदाला नको म्हणता आलं नाही.

डॉक्टर पालोमिनोंनी तिचं सगळं ऐकलं आणि आधी उठून दार लावलं. मग हळू आवाजात म्हणाले की तोंडातून अक्षर काढू नकोस. व्हायवा होऊ दे, पदवी हातात पडू दे, मग सावकाश लेख लिहून दुरुस्त कर. बिनचुकीचा प्रबंध आजवर कोणाचा झालाय? त्यांच्या स्वतःच्या प्रबंधात एक व्हाइसरॉय भलत्याच साली मेला होता, अजून कोणाच्या लक्षात आलेलं नाही. शिवाय परीक्षक म्हणून बेरोकाल बाई आहेत, हे विसरू नकोस. बेरोकाल बाईंनी ‘छान’ म्हटलेलं त्या विभागात कोणी ऐकलं नव्हतं. त्यांच्या व्हायवातून बाहेर पडलेला एक जण सरळ बसस्टँडवर गेला आणि गाव सोडून गेला, असं पोरं सांगायची.

घरी एफ्राईनने एकच प्रश्न विचारला. ती हेर्लिंदा कमिटीवर आहे का? नाही ना? मग झालं तर. प्रती वाटून झाल्या आहेत, वेळ गेलेली आहे, आता फक्त तिथे उभं राहायचं आणि आभार मानायचे. सासूबाईंनी पुका पिकांतेच्या तिखट लाल रश्शासाठी बीट आणि शेंगदाणे आणून ठेवले होते, नातेवाइकांना सांगून झालं होतं, संताला मेणबत्त्या लावून झाल्या होत्या. त्या म्हणाल्या, प्रबंधबाई, तुला काय करायचं ते कर, पण या शुक्रवारी या घरातून हे भूत जाऊ दे. त्यांचं तरी काय चुकलं?

त्या आठवड्यात नेलिदाला अन्न गोड लागलं नाही. गप्प बसले तर सुटले, हे तिला दिसत होतं. बोलले तर सात वर्षं पाण्यात, हेही दिसत होतं. गप्पच बसायचं, असं ती रोज सकाळी ठरवायची आणि शाळेत मुलांपुढे उभी राहिली की तिला तो म्हातारा आठवायचा, रेकॉर्डरसमोर मान मागे टाकून हसणारा.

शुक्रवारी हॉल भरला. पुढे टेबलामागे तीन परीक्षक, मधोमध बेरोकाल बाई, खांद्यावर करडी शाल. मागे सासूबाई, दीर, शाळेतल्या बाया, कॅमेरा घेतलेला एफ्राईन. आणि अगदी शेवटच्या रांगेत गुडघ्यावर हॅट ठेवून हेर्लिंदा. दारवानाने काठी बाहेर ठेवा म्हटलं तेव्हा ती म्हणाली होती, सिक्स्तो जाईल तिथे काठी जाते. त्यावर त्याने वाद घातला नाही.

नेलिदाने पहिली तीन प्रकरणं मांडली. चौथ्याशी आल्यावर पाणी प्यायली, दोन वाक्यांत ते उरकलं आणि पाचव्यावर उडी मारली. दोन परीक्षकांनी किरकोळ प्रश्न विचारले, तळटिपा, नकाशा, असलंच काहीतरी. मग बेरोकाल बाईंनी चष्मा काढला. त्या म्हणाल्या की प्रबंध ठीक आहे, चारचौघांसारखा. पण चौथं प्रकरण त्यांनी दोनदा वाचलं. पहिल्यांदा परीक्षक म्हणून, दुसऱ्यांदा आवडलं म्हणून. इतकं नेटकं प्रकरण या विभागात त्यांनी बऱ्याच वर्षांत वाचलं नव्हतं.

"छान आहे," बेरोकाल बाई म्हणाल्या.

हॉलमध्ये कुजबुज झाली. पालोमिनोंचा चेहरा असा खुलला की त्यांचं वय दहा वर्षांनी उतरलं. एफ्राईनने फोटो काढला. बाईंचा प्रश्नही अगदी सोपा होता, लग्नात नवरीला नाव घ्यायला सांगावं तितका सोपा. हे आपार्को घराणं आज कुठे आहे, त्यांच्याकडे अजून जमीन आहे का?

नेलिदाने पालोमिनोंकडे पाहिलं. त्यांनी डोळ्यांनी सांगितलं, बोल, संपव. दोन वाक्यं बोलली असती तर सगळं पार पडलं असतं. शेवटच्या रांगेत हेर्लिंदा ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, की कसली अपेक्षाही नव्हती. बाजारात दुसऱ्याचा सौदा चालला असताना आपण ऐकतो, तशी ती ऐकत होती.

"हे घराणं नाहीच, डॉक्टर," नेलिदा म्हणाली. "कधीच नव्हतं. माझं चौथं प्रकरण चुकलंय."

एकदा बांध फुटल्यावर मग तिला थांबता आलं नाही. काठीबरोबर नाव कसं जातं, देणारा बाप कसा होतो, घर म्हणजे कुठलं घर, वकिलाला गावाने कसं बनवलं, सगळं तिने सांगून टाकलं. म्हातारा हसत होता आणि आपण नुसतं ‘हसतात’ लिहीत गेलो, हेही सांगितलं. आठवड्याभरात पहिल्यांदाच तिला पूर्ण श्वास घेता येत होता. मागे सासूबाईंनी पदर नसला तरी शालीचं टोक तोंडाला लावलं. एफ्राईनने कॅमेरा खाली केला.

बेरोकाल बाईंनी चौथं प्रकरण उघडून समोर ठेवलं. मग त्यांनी विचारलं, हे कळलं कधी? रविवारी. गाईडना सांगितलंत? आता मात्र नेलिदा समोरच्या प्रतीची पानं सरळ करायला लागली. पालोमिनो खुर्चीतून उठून उभे राहिले, या वेळी कोणी दार लावलं नसताना.

"मला सांगितलं होतं," ते म्हणाले. "मीच म्हटलं, गप्प बस."

बाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि बसा म्हणून खूण केली. मग त्यांची नजर काठीवर गेली. त्यांनी शेवटच्या रांगेला विचारलं, आपण कोण?

"दोन सिक्स्तो आपार्को, पाटकरी," हेर्लिंदा उठून म्हणाली.

पोरं हसली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी वकिलासारखा प्रश्न टाकला. समजा मी आज तुमच्याशी पाण्याचा करार केला आणि उद्या तुम्ही मेलात, तर?

"मी मरत नाही," हेर्लिंदाने सांगितलं आणि खाली बसली.

परीक्षकांनी सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. व्हरांड्यात नातेवाईक भिंतीला पाठ लावून उभे राहिले, जवळ येऊन बोलायची कोणाची छाती होईना. दीर म्हणाला की आता जेवणाचं काय करायचं, आणि सासूबाईंनी त्याला गप्प केलं. एफ्राईन आला, नेलिदाच्या शेजारी नुसता उभा राहिला, आणि थोड्या वेळाने म्हणाला की बायंडिंग उसवून पुन्हा करता येतं, त्यात काही नाही. त्याच्या परीने ती समजूतच होती.

हेर्लिंदा मात्र खुशाल बाकावर बसून चापला खात होती. अर्धा तुकडा तिने नेलिदाच्या हातात दिला. नेलिदाला एकदम आठवलं की पाच वर्षं ज्याच्या घरची चिचा, ती मक्याची आंबवलेली दारू, प्यायली, ज्याच्या पाटावर फिरली, त्या काठीमागच्या माणसाचं पूर्ण नावसुद्धा आपल्याला माहीत नाही. आपल्या प्रबंधात आभाराच्या पानावर पहिलंच नाव सिक्स्तो आपार्कोचं, आणि तो तर कोणीच नव्हे.

"काकांचं आडनाव काय होतं?"

"क्येंते. तेओफिलो क्येंते." हेर्लिंदाने हातावरचा चुरा झटकला. "काठी ठेवली की नाव परत मिळतं ना. त्यांनी फार वर्षांनी ठेवली. मग लोक तेओफिलो म्हणून हाक मारायचे आणि त्यांना कळायचंच नाही. तसेच चालत राहायचे. दोनतीनदा हाक मारली की थांबायचे, मागे वळायचे. पण वळले की इतके खूश व्हायचे, बाई, काय सांगू. जाईपर्यंत त्यांनी ते नाव चांगलं वापरून घेतलं."

नेलिदाच्या डोळ्यांत पाणी आलं. हेर्लिंदाने ते पाहिलं आणि दुसरा तुकडा मोडून दिला.

दार उघडलं. आत गेल्यावर सगळे उभे राहिले, तशी रीतच आहे. बेरोकाल बाईंनी कागद हातात घेतला, पण वाचला नाही. त्या म्हणाल्या की चौथं प्रकरण प्रबंधातून काढायचं आणि नव्याने लिहून द्यायचं, त्याशिवाय बायंडिंगची प्रत ग्रंथालयात घेतली जाणार नाही. जुनं प्रकरण छान लिहिलेलं होतं, आणि भीती त्याचीच वाटते. "मी दोनदा वाचलं आणि दोनदा फसले," त्या म्हणाल्या. "तुम्ही उभ्या राहून सांगितलं नसतं तर उद्या वर्गात शिकवलं असतं मी ते." मग त्यांनी चष्मा चढवला आणि निकाल वाचला. एकमताने उत्तीर्ण.

नेलिदाला आधी ते कळलंच नाही. कळलं तेव्हा ती खुर्चीत बसली, आणि बसल्या बसल्या हसायला लागली. पालोमिनो टेबलाला वळसा घालून आले, त्यांनी तिचे दोन्ही हात धरले आणि सांगितलं की आपणही आता त्या व्हाइसरॉयला योग्य साली मारून टाकणार. शाळेतल्या बायांनी तिच्या डोक्यावर रंगीत कागदांचे कपटे उधळले, केसांत, मानेत, ब्लाऊजच्या आत, सगळीकडे गेले ते. सासूबाई बेरोकाल बाईंनाच जेवायचं आमंत्रण देऊन मोकळ्या झाल्या, आणि बाई चक्क येते म्हणाल्या. एकदाचं घोडं गंगेत न्हालं. सात वर्षांचं ओझं असं उतरलं की नेलिदाला आपले खांदे कुठे ठेवावेत तेच समजेना.

घरी अंगणात झाडाखाली सासूबाईंनी टेबलं लावली होती. सगळे जेवायला बसले आणि पुका पिकांतेचा लाल रंग बोटांना लागला. दिराने पहिला प्याला उचलून सांगितलं की वहिनीची थट्टा करायचा माझा धंदा आजपासून बसला. बेरोकाल बाई हेर्लिंदाशेजारी बसून पाण्याच्या पाळ्यांबद्दल एकामागून एक विचारत होत्या आणि हेर्लिंदा त्यांना पाण्याऐवजी चिचा ओतून देत होती. नेलिदा जरा बाजूला उभी होती. नवीन चौथं प्रकरण कुठून सुरू करायचं, ते तिला आताच सुचलं होतं, म्हाताऱ्याच्या हसण्यापासून. आणि आभाराच्या पानावर पहिलं नाव तेओफिलो क्येंतेचं.

एफ्राईन ताट वाढून उभा होता. तो तोंड उघडून नेहमीची हाक मारायला गेला आणि अडखळला. ते नाव आता चालणार नव्हतं.

"नेलिदा," त्याने हाक मारली. "नेलिदा, जेवायला ये."

ती तशीच झाडाकडे बघत उभी होती. त्याने परत हाक मारली, जरा मोठ्याने. तरी नाही. तेव्हा हेर्लिंदाने बाकावरून काठीच्या टोकाने तिच्या पायाला हळूच डिवचलं.

"अहो बाई," ती म्हणाली, "तुम्हालाच बोलावतायत."

नेलिदा वळली.